आपत्तीच्या आधीचा नकाशा

नॉर्थ कॅरोलिना राज्यातलं कॅरी शहर पाणलोटाच्या रेषेवर वसलेलं आहे. शहराच्या पूर्व भागात पडलेला पाऊस ओढ्या-नाल्यांतून न्यूस नदीकडे जातो, पश्चिम भागातला जॉर्डन तलावामार्गे केप फिअर नदीकडे. संगणक आणि औषध कंपन्यांतल्या नोकऱ्यांमुळे इथे आणि शेजारच्या मॉरिसव्हिलमध्ये भारतीयांची, त्यात मराठी कुटुंबांचीही, मोठी वस्ती आहे. उंचवट्यावर राहणारा माणूस पुराची बातमी बहुधा दुरूनच पाहतो. २७ सप्टेंबर २०२४ला हेलेन चक्रीवादळाचे अवशेष राज्याच्या पश्चिमेकडच्या डोंगरांत कोसळले, तेव्हा कॅरीतली घरं शाबूत होती. पश्चिमेला चारशे किलोमीटरवर असलेल्या अ‍ॅशविल शहराशी मात्र संपर्क तुटला होता. मुलांना कॉलेजला पाठवलेले आईबाप, डोंगरात घर घेऊन राहिलेल्या मित्रांचे स्नेही, सगळे एकच प्रश्न विचारत होते: तो रस्ता अजून आहे का? ते घर उभं आहे का?

उपग्रहांनी द्यायचं उत्तर ते हेच. अशा वेळी ते कधी अचूक मिळतं, कधी उशिरा मिळतं आणि कधी मिळतच नाही. यातला फरक उपग्रहाच्या ताकदीपेक्षा जमिनीवर अवलंबून असतो: पूर कसा आला, उतार किती आहे, आणि आपत्ती येण्याआधी त्या जागेचा नकाशा कुणी काढून ठेवला होता की नाही.

उपग्रह पाहतो कसा, ते आधी समजून घेऊ. एक प्रकार साध्या कॅमेऱ्याचा. युरोपचा सेंटिनेल-२ दहा मीटरपर्यंतचा तपशील दाखवतो, तर वर्ल्डव्ह्यू-३सारखे व्यावसायिक उपग्रह ३१ सेंटिमीटरपर्यंत जातात. त्यांच्या चित्रात गाड्या मोजता येतात. पण कॅमेऱ्याला उजेड आणि मोकळं आकाश लागतं, आणि पूर येतो तो ढगांसोबतच. म्हणून दुसरा प्रकार, रडारचा. सेंटिनेल-१ किंवा इस्रोचा ईओएस-०४ स्वतः सूक्ष्मलहरी सोडतात आणि जमिनीवरून परत आलेला प्रतिध्वनी टिपतात. साडेपाच सेंटिमीटरच्या आसपासची ही तरंगलांबी ढगांना दाद देत नाही, रात्रीचीही तिला अडचण नाही. रडार तिरकं पाहतं. खडबडीत शेतावरून लहरी विखुरतात आणि काही उपग्रहाकडे परततात; साचलेलं शांत पाणी आरशासारखं असतं, ते सगळ्या लहरी पलीकडे फेकून देतं. त्यामुळे रडारच्या चित्रात पाणी काळं दिसतं. पुराआधीचं चित्र आणि पुरातलं चित्र एकमेकांवर ठेवलं, की जिथे नव्याने काळं झालं तिथे पाणी आहे.

ऑगस्ट २०१९मध्ये कृष्णा आणि पंचगंगेच्या काठावर ही पद्धत नेमकी लागू पडली. सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, पुणे-बेंगळुरू महामार्ग अनेक दिवस बंद राहिला. तो पूर संथ होता. पाणी सपाट ऊसपट्ट्यात पसरलं आणि तिथेच थांबलं. हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राकडे एकामागून एक रडार चित्रं घ्यायला आणि नकाशे काढायला वेळ होता. दोन वर्षांनी, २२ जुलै २०२१ला, वाशिष्ठीने चिपळूण बुडवलं. सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरात चोवीस तासांत जवळपास ६०० मिलिमीटर पाऊस झाला. पाणी रात्रीत चढलं, बाजारपेठेत पहिल्या मजल्याला लागलं आणि एक-दोन दिवसांत उतरलंही. अशा पुरावर उपग्रह वेळेत यावाच लागतो, आणि तो त्याच्या ठरलेल्या कक्षेनेच येतो. पाणी उतरल्यावर घेतलेल्या चित्रात फक्त चिखल राहतो, आणि चिखल रडारला पाण्याइतका ठळक दिसत नाही.

गंमत वाटेल, पण नॉर्थ कॅरोलिनातही हेच दोन पूर आहेत. पूर्वेकडची किनारपट्टी सपाट. १९९९च्या सप्टेंबरात फ्लॉइड चक्रीवादळ येऊन गेल्यावर टार आणि न्यूस नद्या कित्येक दिवस फुगून राहिल्या. प्रिन्सव्हिल हे गाव, गुलामगिरीतून मुक्त झालेल्या लोकांनी वसवलेलं आणि १८८५मध्ये नगर म्हणून नोंदलं गेलेलं, जवळजवळ सगळं पाण्याखाली गेलं. २०१८मध्ये फ्लॉरेन्स वादळाने एलिझाबेथटाउनला ९०० मिलिमीटरहून अधिक पाऊस टाकला, आणि खालच्या भागात नद्यांची पातळी पाऊस थांबल्यानंतरही चढत राहिली. हा कृष्णाकाठचा पूर. अ‍ॅपलाचियन डोंगरांतला पूर मात्र वाशिष्ठीचा. हेलेनच्या चार दिवसांत ब्युसिक या ठिकाणी सुमारे ७८० मिलिमीटर पाऊस मोजला गेला. अ‍ॅशविलमध्ये फ्रेंच ब्रॉड नदीने १९१६चा विक्रम मोडला. पण दरीतलं पाणी जसं चढलं तसंच उतरलं. त्या वेळी सेंटिनेल-१ जोडीतला एक उपग्रह निकामी झालेला होता आणि उरलेल्या एकाला त्याच कक्षेतून तीच जागा पुन्हा पाहायला १२ दिवस लागत होते. शिवाय डोंगरात तिरकं पाहणाऱ्या रडारची अडचण होते. समोरचा उतार चित्रात चेपून जातो, मागचा उतार सावलीत जातो, आणि गाव नेमकं त्या दोन उतारांमधल्या खोऱ्यात असतं.

त्यामुळे हेलेननंतर खरं काम केलं ते ढग हटल्यावर खालून उडणाऱ्या विमानांनी. अमेरिकेच्या हवामान आणि सागरी संस्थेची, म्हणजे नोआची, विमानं आपत्तीनंतर पट्ट्यापट्ट्याने उडून १५ ते ३० सेंटिमीटर तपशिलाची छायाचित्रं घेतात आणि ती सगळ्यांसाठी खुली ठेवतात. घराचा पत्ता टाकायचा, आधीचं चित्र आणि आत्ताचं चित्र शेजारी लावायचं. इंटरनेट असलेल्या कॅरीतून इंटरनेट नसलेल्या डोंगरातलं छप्पर शोधता येत होतं. पिजन नदीच्या घळीत आय-४० महामार्गाची एक बाजूच नदीने कापून नेली होती. तो रस्ता १ मार्च २०२५ला, तोही एकेका मार्गिकेवर, पुन्हा सुरू झाला. अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने अशी चित्रं आणि प्रत्यक्ष पाहणी यांवरून दोन हजारांहून अधिक दरडी नकाशावर नोंदवल्या.

त्या दिवसांतली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. जगातल्या हवामान नोंदींचं सर्वांत मोठं भांडार मानलं जाणारं नोआचं केंद्र अ‍ॅशविलमध्येच आहे. हेलेनने त्याच्याही सेवा काही काळ बंद पाडल्या. नोंदी सुरक्षित राहिल्या, पण बाहेरच्यांना मिळेनात. शहराला पिण्यायोग्य नळाचं पाणी नोव्हेंबरच्या मध्यानंतर मिळालं. मोबाइल टॉवर बंद असताना माउंट मिचेलवरचा हौशी रेडिओवाल्यांचा रिपीटर तग धरून राहिला, आणि लोक त्यावर रस्त्याचं नाव, घराची खूण, आतल्या माणसाचं वय सांगून चौकशी करत होते. ज्या खोऱ्यात गाड्या जाईनात तिथे खेचरांवर लादून सामान गेलं. आकाशातून कितीही चांगलं चित्र आलं, तरी ते शेवटी कुणाच्या तरी हातात, छापील कागदावर किंवा रेडिओवरच्या वाक्यात पोचावं लागतं.

आता आधीच्या नकाशाकडे येतो, कारण या लेखाचं मूळ तिथे आहे.

फ्लॉइडनंतर नॉर्थ कॅरोलिनाला एक गोष्ट कळून चुकली: पूररेषेचे नकाशे जुने होते आणि लोक त्यांच्या भरवशावर घरं बांधत होते. २०००मध्ये राज्याने स्वतःचा पूर नकाशा कार्यक्रम सुरू केला. विमानातून लेसरचे झोत सोडून जमिनीची उंची मोजली, सगळ्या राज्याची. या मोजणीला लिडार म्हणतात; झाडांच्या फटींतून जमिनीपर्यंत पोचलेले झोत वेगळे काढले की जंगलाखालचा उतारही उघडा होतो. मग नदीकाठच्या मापकांवरची पातळी अमुक फूट झाली तर कोणत्या गल्लीत पाणी येईल, याचे नकाशे आधीच तयार करून ठेवले. पूर येतो तेव्हा नव्याने काही काढावं लागत नाही. मापक आकडा सांगतो, त्या आकड्याचा नकाशा उघडतो. उपग्रह ढगामागे असो किंवा पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला, हा नकाशा काम करतो. कॅरी शहरानेही याच विचाराने ओढ्यांत पातळी मोजणारे सेन्सर आणि पर्जन्यमापक बसवले. त्यांची माहिती शहरातच मुख्यालय असलेल्या सॅस या विश्लेषण कंपनीच्या प्रणालीतून जाते. पाणलोटाच्या माथ्यावरच्या गावाने हे करण्याला विशेष अर्थ आहे, कारण इथून निघालेलं पाणी खालच्यांच्या दारात जातं.

दरडींच्या बाबतीत मात्र याच राज्याने उलट केलं. सप्टेंबर २००४मध्ये लागोपाठ दोन वादळांनी डोंगरात दरडी कोसळवल्या. मेकन काउंटीतल्या पीक्स क्रीकच्या वस्तीत पाच माणसं गेली. त्यानंतर विधिमंडळाने कायदा केला आणि राज्याच्या भूवैज्ञानिकांनी काउंटीवार दरडींचे नकाशे काढायला घेतले. चार काउंट्या झाल्या. पण एखाद्या उतारावर लाल रंग पडला की तिथल्या जमिनीचा भाव पडतो. बांधकाम आणि जमीनविक्रीशी संबंधित मंडळींनी विरोध केला आणि २०११मध्ये कार्यक्रमाचा पैसा बंद झाला. नकाशे काढणाऱ्या तज्ज्ञांच्या नोकऱ्या गेल्या. २०१८मध्ये पुन्हा दरडी कोसळून माणसं दगावल्यावर काम परत सुरू झालं. मधली सात वर्षं वाया गेली. नकाशे वेळेत पूर्ण झाले असते तर हेलेनमध्ये किती जीव वाचले असते, याचा हिशेब कुणी मांडू शकणार नाही. पण धोक्याचा नकाशा नको म्हणण्याने धोका कुठेच गेला नव्हता, हे हेलेनने दाखवलं. 

आपल्याकडे ही गोष्ट आणखी जिव्हारी लागणारी आहे. १९ जुलै २०२३च्या रात्री रायगड जिल्ह्यात खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर डोंगर आला. २७ मृतदेह सापडले, ५७ जणांचा शोध लागला नाही. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असं सरकारनेच सांगितलं. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता. बचाव पथकं अंधारात, पावसात डोंगर चढून गेली, आणि जेसीबी वर नेणं शक्य नसल्यामुळे फावड्या-कुदळींनी उकरावं लागलं. तिथे कितीही चांगला उपग्रह असता, तरी नऊ वर्षांपूर्वी माळीणमध्ये घडलं त्यापेक्षा फार वेगळं घडलं नसतं. ३० जुलै २०१४ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाव गाडलं गेलं, १५१ माणसं गेली, आणि गाव जागेवर नाही ही बातमी बाहेर आणली ती एसटीच्या चालकाने. रोजच्या रस्त्यावरून जाताना त्याला घरं दिसली नाहीत. तो रस्ता आणि ती घरं त्याच्या डोक्यात होती, म्हणूनच त्याला फरक कळला.

उपग्रहाचं काम नेमकं असंच चालतं: आधीचं माहीत असेल तरच बदल दिसतो. भूकंपानंतरचे नुकसानीचे नकाशेही याच तत्त्वावर निघतात. रडारच्या दोन फेऱ्यांमध्ये एखाद्या इमारतीवरून येणारा प्रतिध्वनी सारखाच राहतो; ती कोसळली, की तो विस्कटतो. नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतल्या गटाने २५ एप्रिल २०१५च्या नेपाळ भूकंपानंतर असे नकाशे काढून दिले. त्यातही मर्यादा आहे. भिंती बसल्या पण छप्पर सपाट राहिलं, तर वरून घर उभंच दिसतं. म्हणून अनुभवी माणूस सावली पाहतो: छपराची सावली आखूड झाली असेल तर मजला गेला आहे. हे वाचन अजूनही यंत्रापेक्षा माणसाच्या डोळ्याने नीट होतं, असं मला वाटतं.

ही चित्रं गरजवंतापर्यंत फुकट पोचावीत म्हणून एक आंतरराष्ट्रीय व्यवस्था आहे. १९९९मध्ये व्हिएन्नात झालेल्या संयुक्त राष्ट्रांच्या अवकाश परिषदेनंतर युरोपीय आणि फ्रेंच अवकाश संस्थांनी एक सनद तयार केली: मोठ्या आपत्तीत सदस्य संस्थांनी आपापले उपग्रह त्या जागेकडे वळवायचे आणि चित्रं विनामूल्य द्यायची. कॅनडा लगेच सामील झाला आणि सनद २०००च्या नोव्हेंबरात लागू झाली. २६ जानेवारी २००१च्या भूज भूकंपासाठी ती वापरली गेली, आणि त्याच वर्षी इस्रो तिची सदस्य झाली. मदत घेणारा देश काही महिन्यांत मदत देणारा झाला. आज चोवीस तास कुणीतरी फोनवर बसलेलं असतं. आपत्ती आलेल्या देशातली अधिकृत यंत्रणा विनंती करते, चित्रं मागवली जातात, आणि ती वाचून नकाशा करण्याचं काम वेगळ्या तज्ज्ञ गटाकडे जातं. जिनिव्हातलं संयुक्त राष्ट्रांचं युनोसॅट केंद्र आणि युरोपची कोपर्निकस सेवा ही त्यातली नेहमीची नावं.

नेपाळच्या भूकंपाशी कॅरीचा एक वेगळाच धागा आहे. भूकंप एप्रिलच्या शेवटी झाला, पाऊस जूनमध्ये येणार होता, आणि घर गेलेल्या लाखो लोकांना डोक्यावर पन्हळी पत्रे हवे होते. आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटनेसाठी सॅसच्या विश्लेषकांनी संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार नोंदी चाळल्या आणि असे पत्रे मोठ्या प्रमाणावर कोणते देश निर्यात करतात हे शोधून दिलं. नकाशाने सांगितलं की कुठे छप्पर नाही. छप्पर कुठून येणार हे आयात-निर्यातीच्या कोरड्या तक्त्यांनी सांगितलं. मदतकार्यात दुसऱ्या प्रकारच्या माहितीची आबाळ होते, कारण तिचं चित्र काढून वर्तमानपत्रात छापता येत नाही.

काठमांडूत मदत पथकांना तुलनेने चांगला रस्त्यांचा नकाशा मिळाला, कारण काठमांडू लिव्हिंग लॅब्स नावाची स्थानिक संस्था भूकंपाच्या आधीपासूनच ओपनस्ट्रीटमॅपवर शाळा, दवाखाने आणि गल्ल्या टिपत होती. हा नकाशा कुणाही स्वयंसेवकाला भरता येतो आणि कुणालाही फुकट वापरता येतो. जानेवारी २०१०मध्ये हैतीत भूकंप झाला तेव्हा पोर्ट-ओ-प्रिन्सचा ओपनस्ट्रीटमॅप बहुतांशी कोरा होता. जगभरच्या शेकडो लोकांनी उपग्रह चित्रांवरून रस्ते गिरवून तो काही आठवड्यांत भरला. त्यातूनच ह्युमॅनिटेरियन ओपनस्ट्रीटमॅप टीम ही संस्था उभी राहिली, आणि २०१४मध्ये रेड क्रॉस आणि डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स यांच्यासोबत मिसिंग मॅप्स हा उपक्रम, ज्याचा हेतूच मुळी आपत्तीआधी नकाशा भरणं हा आहे.

येत्या काळात आणखी एक उपग्रह या कामात मोलाचा ठरेल. नासा आणि इस्रो यांनी मिळून बांधलेला निसार ३० जुलै २०२५ला श्रीहरिकोट्याहून गेला. त्याच्या दोन रडारांपैकी नासाच्या रडारची तरंगलांबी २४ सेंटिमीटर आहे. सेंटिनेलच्या आखूड लहरी पानांवरच विखुरतात. ही लांब लहर झाडीतून खाली उतरते. सह्याद्री आणि अ‍ॅपलाचियन, दोन्ही रानाने झाकलेले. वर्षाकाठी काही सेंटिमीटर सरकणारा उतार त्यामुळे ओळखता येईल. पण एका रात्रीच्या मुसळधार पावसाने पातळ मातीचा थर सुटून येणारी दरड आधी सरकत नाही. तिच्यासाठी उताराचा, मातीचा आणि ओढ्याच्या वाटेचा जुना, चिकाटीचा नकाशाच लागतो.

तो भरायला कॅरीतल्या घरातून संध्याकाळचा एक तासही पुरतो. ह्युमॅनिटेरियन टीमच्या संकेतस्थळावर जगाचे छोटे चौकोन करून ठेवलेले असतात. एक चौकोन घ्यायचा, उपग्रह चित्रात दिसणाऱ्या प्रत्येक छपराभोवती रेघ ओढायची, पायवाट दिसली तर तीही गिरवायची. दुसरा अनुभवी माणूस ते तपासतो. छप्पर दुरून ओळखता येतं, नाव येत नाही. कोकणातल्या किंवा मावळातल्या वस्तीला सरकारदरबारी एक नाव असतं आणि गावात दुसरं, आणि रेडिओवर मदत मागणारा माणूस गावातलंच नाव घेतो. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये प्रत्येक जागेला मराठी नावासाठी वेगळा रकाना आहे. रायगड, रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरच्या डोंगरातून आलेली किती तरी माणसं आज अमेरिकेत आहेत, आणि आपल्या आजोळच्या वरची वाडी, मधली वाडी, धनगरवाडा कुठे आहे, तिथे जायची पाऊलवाट कोणत्या ओढ्यावरून जाते, हे त्यांना तोंडपाठ आहे. ते अजून कोणत्याही उपग्रहाला माहीत नाही.